गतव्यक्तीची तसबीर

दिल्लीच्या संसद भवनातील मध्यवर्ती सभागृहात लोकमान्य टिळकांचे जे तैलचित्र लागले आणि ज्याचे अनावरण २८ जुलै १९५६ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते झाले, ते रंगवणारे चित्रकार गोपाळ देऊसकर हे १९२० साली लोकमान्य निवर्तले तेव्हा जेमतेम आठ-नऊ वर्षांचे होते. लोकमान्यांना समोर बसवून घेण्याचा प्रश्न अर्थातच नव्हता. सारी भिस्त छायाचित्रांवर आणि त्यांना पाहिलेल्यांच्या सांगण्यावर. गतव्यक्तीची तसबीर करणाऱ्या प्रत्येक चित्रकाराची हीच अवस्था असते, आणि छायाचित्र हाती आले की काम सोपे झाले, हा जो सार्वत्रिक समज आहे तो माझ्या मते निखालस खोटा आहे.

छायाचित्र हा साक्षीदार खरा, परंतु त्याची साक्ष उलटतपासणीवाचून दाखल करून घेण्याजोगी नसते. लोकमान्यांच्या काळच्या काचेच्या प्लेटांना तांबडा रंग जवळजवळ दिसतच नसे (म्हणून तर डार्करूममध्ये तांबडा दिवा बिनधोक लावता येई), आणि परिणामी तांबडी पगडी काळी उमटे, ओठ काळपट दिसत, गव्हाळ वर्ण प्रत्यक्षाहून सावळा होई, उलट निळे लुगडे पांढुरके पडे. त्यातच स्टुडिओवाला गिऱ्हाइकाची मर्जी राखण्यासाठी निगेटिव्हवर बारीक पेन्सिल चालवून सुरकुत्या बुजवी. आणि कॅमेरा फार जवळ असला तर नाक वाजवीपेक्षा मोठे येई ते वेगळेच. म्हणून जाणता चित्रकार एकाच फोटोवर चौकटी आखून तो मोठा करून मोकळा होत नाही. निरनिराळ्या वर्षांचे, निरनिराळ्या बाजूंनी घेतलेले फोटो मागवून त्यांवरून डोक्याची ठेवण तो ताडून पाहतो, पेटीतले उपरणे मागून घेतो, आणि वर्णासाठी व हातांसाठी त्याच अंगलटीच्या मुलाला किंवा पुतण्याला खिडकीपाशी बसवतो.

एवढे करूनही घरच्या मंडळींची खातरजमा व्हायची राहतेच. पत्नीला ते ऐन उमेदीतले हवे असतात, मुलाला उतारवयातले आठवतात. शेवटच्या आजारातला फोटो पुढे करून ‘यावरून तरतरीत काढा’ म्हणणारेही असतात. साऱ्यांच्या फर्माइशी सांभाळू पाहणाऱ्याच्या हातून कोणाच्याच ओळखीचा चेहरा उतरत नाही. वय आधी मुक्रर करावे आणि पसंतीचा अखत्यार एकाच माणसाकडे ठेवावा, हे बरे.

वाचकांनी मात्र एक करावे. घरातील जुन्या फोटोंच्या पाठीवर, ज्यांना आठवते ती मंडळी हयात आहेत तोवर, नाव, अंदाजे साल, वर्ण आणि कपड्यांचे रंग मऊ पेन्सिलीने लिहून ठेवावेत; शाई वापरू नये, ती पुढच्या बाजूस उतरते.