नारळावरची कुस्ती आणि नऊ नंबर

गावजत्रेच्या फडात मोठ्या इनामाची कुस्ती शेवटी लागते. सुरुवात होते ती नारळावरच्या कुस्त्यांनी. सात-आठ वर्षांची पोरं लंगोट कसून मातीत उतरतात. तेव्हा माणसं अजून जमायची असतात, हलगीवाल्याचा हातही गरम झालेला नसतो. पाठ लावली की पंच पोराच्या हातात नारळ ठेवतात आणि लगेच पुढची जोड पुकारतात. पुढच्या आठवड्यात शेजारच्या गावची जत्रा असते, तिथे पुन्हा दुसरा गडी, दुसरी माती. असं करत पोरगं पंधरा वर्षांचं होईपर्यंत कितीतरी जणांच्या अंगाला भिडलेलं असतं. मोठा पैलवान कसा घडतो हे बारामती-इंदापूर रस्त्यावरच्या सणसर, बेलवाडी, काटेवाडीच्या माणसाला कोणी शिकवायला नको. मात्र फ्रान्सचा फुटबॉलपटू किलियन एम्बापे याचं नाव निघालं की हीच माणसं ‘देवाची देणगी’ म्हणून मोकळी होतात. फुटबॉलचा स्ट्रायकरही नारळावरच्या कुस्त्यांतूनच वर येतो. आपल्याकडे त्याचा फड भरत नाही आणि कोणी स्वतःच्या बळावर वर आलाच, तर त्याची मधली जागा दुसऱ्याला दिली जाते. महाराष्ट्राला स्वतःचा एम्बापे का मिळत नाही, याचं माझ्या मते एवढंच उत्तर आहे.

आधी एम्बापेचा प्रवास पाहू. 20 डिसेंबर 1998 चा जन्म. पॅरिसच्या ईशान्येला बाँडी नावाचं कष्टकऱ्यांचं, स्थलांतरितांचं उपनगर आहे, तिथे तो वाढला. वडील तिथल्याच एएस बाँडी क्लबात मुलांचे प्रशिक्षक, आई हँडबॉलपटू. लहान वयातच तो क्लबाकडून खेळू लागला. बारा-तेराव्या वर्षी क्लेरफाँतेनच्या राष्ट्रीय केंद्रात त्याची निवड झाली. त्या केंद्राची एक रीत आपण ध्यानात घेण्यासारखी आहे. तेव्हा मुलं सोमवार ते शुक्रवार तिथे राहून शिकत आणि शनिवार-रविवारी आपापल्या मूळ क्लबाकडून सामना खेळायला घरी जात. म्हणजे देशातल्या सर्वोत्तम शाळेत दाखल झालेल्या मुलाचीही गावची माती सुटत नसे. पुढे मोनॅको. 2 डिसेंबर 2015 ला, वयाची सतरा वर्षं पुरी व्हायच्या आत, तो पहिल्या संघात उतरला आणि त्या क्लबाच्या सर्वांत तरुण खेळाडूचा थिएरी आँरीचा विक्रम त्याने मोडला. 2016-17 च्या हंगामात सर्व स्पर्धा मिळून 26 गोल आणि मोनॅकोला लीगचं विजेतेपद. 2018 ला विश्वविजेता, 2022 च्या अंतिम सामन्यात हॅटट्रिक करूनही पेनल्टींवर पराभूत. पॅरिसच्या क्लबासाठी 256 गोल करून 2024 ला तो रेआल माद्रिदला गेला. हे सगळं वृत्तपत्रांतून वाचलेलं असतंच. माझं लक्ष त्यातल्या पहिल्या दहा वर्षांकडे आहे. फ्रान्सच्या फुटबॉल महासंघाकडे वीस लाखांहून अधिक खेळाडूंची नोंद असते, व्यावसायिक क्लबांना 1970 च्या दशकापासून स्वतःची प्रशिक्षण केंद्रं चालवावी लागतात आणि गल्लीतल्या क्लबाच्या पोरांनाही हंगामभर साखळी सामने मिळतात.

आता आपल्याकडचा जवळात जवळचा दाखला. कोल्हापूरच्या एका रिक्षाचालकाचा मुलगा अनिकेत जाधव, जन्म जुलै 2000 चा. कोल्हापूर ही महाराष्ट्रातली फुटबॉलची खरी पेठ. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही नावं मुळात कुस्तीच्या तालमींची, आज ती फुटबॉल संघांचीही आहेत. आणि शाहू स्टेडियमवर पाटाकडील-दिलबहार सामना असला की पेठाच्या पेठा तिथे लोटतात. तरी अनिकेतला लहानपणीच घर सोडून पुण्याला बालेवाडीच्या क्रीडा प्रबोधिनीत यावं लागलं. 2017 ला सतरा वर्षांखालील विश्वचषक भारतात झाला तेव्हा आघाडीच्या फळीत तो होता. दिल्लीत अमेरिकेकडून 0-3, कोलंबियाकडून 1-2 आणि घानाकडून 0-4 अशी हार झाली. भारताचा तो एकमेव गोल मधल्या फळीतल्या जिकसन सिंगचा. पण त्याच मुलांचा ‘इंडियन ॲरोज’ संघ आय-लीगमध्ये उतरला आणि पहिल्याच सामन्यात चेन्नई सिटीला 3-0 ने हरवलं, त्यातले दोन गोल अनिकेतचे होते. इंग्लंडच्या ब्लॅकबर्न रोव्हर्सकडे काही काळ सरावाची संधीही त्याला मिळाली. (हा क्लब 2010 पासून पुण्याच्या व्यंकीज कंपनीच्या मालकीचा आहे. कोंबड्यांच्या शेडमधून निघालेला पैसा इंग्लंडच्या मैदानात गेला, इंदापूरच्या मैदानात तो अजून यायचा आहे.) पुढे तो आधी जमशेदपूर आणि मग हैदराबाद संघात गेला. 2022 साली हैदराबाद संघ इंडियन सुपर लीगचा (आयएसएल) विजेता ठरला तेव्हा अनिकेत त्या संघात होता, आणि त्याच वर्षी भारताच्या वरिष्ठ संघातही त्याने पाऊल ठेवलं.

मग अडलं कुठे? त्या हैदराबाद संघात मधोमध, म्हणजे स्ट्रायकरच्या नऊ नंबरच्या जागेवर, नायजेरियाचा बार्थोलोम्यू ओगबेचे होता. त्या हंगामात त्याने 18 गोल केले. ईस्ट बंगालला 4-0 ने हरवलं तेव्हा तीन गोल ओगबेचेचे आणि एक अनिकेतचा. अनिकेतला मिळाली ती उजवी कड. धावायचं, बगल द्यायची, चेंडू मध्ये द्यायचा आणि चेंडू गेला की मागे पळत येऊन बचावही करायचा. काम महत्त्वाचं खरं, पण ते स्ट्रायकरचं काम नव्हे. गोलसमोरच्या वीस पावलांत पाठीवर बचावपटू घेऊन उभं कसं राहायचं, चेंडू येण्याआधी अर्धं पाऊल कुठे सरकायचं, हे त्या जागी शंभर सामने खेळूनच अंगात मुरतं. आयएसएल 2014 ला सुरू झाली तेव्हा मैदानावर एका वेळी सहा परदेशी खेळाडू चालत. 2017-18 पासून पाच, 2021-22 पासून चार. आकडा घटला तरी क्लबांनी मधली जागा सोडली नाही. पहिल्या अकरा हंगामांत सर्वाधिक गोलांचा ‘गोल्डन बूट’ एकदाही भारतीयाच्या वाट्याला आला नाही. दुसरा पुरावा सुनील छेत्रीचा. छेत्रीची घडण 2002 च्या मोहन बागानमधली, आयएसएलच्या आधीच्या काळातली. जून 2024 मध्ये भारतासाठी 94 गोल करून तो राष्ट्रीय संघातून निवृत्त झाला, आणि मार्च 2025 मध्ये चाळिसाव्या वर्षी त्यालाच परत बोलवावं लागलं, कारण गोल करणारा दुसरा माणूस नव्हता. शंभर कोटींच्या वर लोकसंख्येच्या देशात नऊ नंबरला वारस नसावा, ही गोष्ट देणगीच्या भाषेत समजावता येत नाही.

यावर पहिला आक्षेप असा येईल, की क्लबाने हरण्यासाठी भारतीय पोरगा उभा करायचा का? परदेशी खेळाडू चांगला असेल तर त्याला खेळवणं हा मालकाचा हक्क आहे. बरोबर. पण मोनॅकोकडेही कोलंबियाचा नामांकित रादामेल फाल्काव होताच. त्यांनी त्याच्या शेजारी अठरा वर्षांच्या एम्बापेला उभं केलं. परदेशी खेळाडू तिथे पोराचा उस्ताद झाला. आपल्याकडे तोच त्याची जागा अडवून बसतो. दुसरा आक्षेप जरा जड आहे. कडेला खेळून कोणी स्ट्रायकर होत नाही असं कुठे आहे? आँरी युव्हेंटसमध्ये कडेलाच खेळत होता, एम्बापेचाही बराच खेळ डावीकडूनच होतो. हे मान्य करायलाच हवं. पण 1999 ला आँरी आर्सेनलला आला तेव्हा प्रशिक्षक आर्सेन वेंगर यांनी त्याला मुद्दाम मधे आणलं. पहिल्या आठ सामन्यांत त्याला एकही गोल करता आला नाही. वेंगर यांनी त्याला हलवलं नाही, आणि आँरीने पुढे त्या क्लबासाठी विक्रमी 228 गोल केले. तेव्हा कड हा मुक्काम ठरू नये आणि तिथून आत आणणारा माणूस हवा. आठ कोरे सामने एखाद्या भारतीय पोराला आपल्या क्लबात कोण माफ करेल?

राहिला तिसरा आक्षेप, तो आपल्या भागातूनच येणार: ‘हा आपला खेळ नाही.’ नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यात कुस्ती, कबड्डी, क्रिकेट. फुटबॉलचं इथे काय? पण कोल्हापूरही कुस्तीचंच शहर, तिथे तालमींनीच फुटबॉल उचलला. आपल्याकडे उणीव आहे ती सामन्यांची. शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्यांनी जातात, आणि त्या बाद पद्धतीच्या असतात. तालुक्याच्या पहिल्याच फेरीत हरलेल्या शाळेचं फुटबॉल वर्ष एका दुपारी आटोपतं. ज्या पोराने त्या सामन्यात दोनदा चेंडू बारवर मारला, त्याला ती चूक सुधारायला पुढचं वर्ष उजाडावं लागतं. पैलवान पोराला हीच सवलत फक्त एका आठवड्यावर मिळते. 15 सप्टेंबर 2017 ला, विश्वचषकाच्या तोंडावर, राज्य सरकारने ‘मिशन वन मिलियन’ म्हणून एका दिवसात लाखो मुलांना फुटबॉल खेळायला लावलं, शाळांना चेंडू वाटले. हेतू चांगला होता. पण एका दिवसाच्या उत्सवाने पाय घडत नाहीत.

पाय घडतात ते हंगामभराच्या सामन्यांनी, आणि त्यांना लागणारा खर्च फार नाही. काटेवाडी, भवानीनगर, सणसर, बेलवाडी, लासुर्णे, अंथुर्णे ही गावं बारामती-इंदापूर रस्त्यालगतच आहेत. सणसरला तुकोबांच्या पालखीचा मुक्काम असतो, बेलवाडीला गोल रिंगण होतं, तेव्हा मोकळ्या मैदानाची या गावांना नवलाई नाही. सहा गावांच्या सहा शाळांनी बारा वर्षांखालच्या मुलांची साखळी घेतली, एक सामना आपल्या गावात आणि एक दुसऱ्याच्या, तर प्रत्येक संघाला दहा सामने मिळतात. सगळे मिळून तीस. वेळूचे गोलखांब, फक्कीच्या रेषा, दोन चांगले चेंडू आणि शिट्टी. क्रीडाशिक्षकांनी येत्या दिवाळीच्या सुट्टीनंतरचे दहा रविवार आत्ताच बाजूला काढावेत, आणि जिंकणाऱ्या संघाच्या हातात खुशाल नारळ द्यावा.