आता कशाला शिकायचं?

आमच्या पौडच्या बचत गटात कर्ज मागायला येणाऱ्या बायकांची कारणं ठरलेली असतात. कुणाला शिलाई मशीन घ्यायचं असतं, कुणाला म्हैस, कुणाला मुलाची फी भरायची असते. त्या दिवशी मात्र आमच्या आळीतली नर्स उठली आणि म्हणाली, ‘‘ताई, मला फीसाठी पैसे हवेत. मुलांच्या नाही, माझ्या स्वतःच्या.’’

सगळ्याजणी बघतच राहिल्या. वय पस्तिशीकडे झुकलेलं, पदरात दोन मुलं. तीन वर्षांचं जीएनएम करून पुण्यातल्या एका रुग्णालयात आयसीयूत आठ वर्षं नोकरी. आता तिला दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी नर्सिंग करायचं होतं. मागून कुणीतरी बोललंच, ‘‘हातात नोकरी आहे, आता कशाला शिकायचं?’’ खरं सांगते, माझ्याही मनात तेच आलं.

मग तिने जे सांगितलं, ते अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

भात लावणीचे दिवस होते. एक शेतकरी बाई घरात जमिनीवर झोपली असताना तिला मण्यार जातीचा साप चावला. हा चावा फारसा दुखत नाही, त्यामुळे कळायला उशीर झाला. आयसीयूत आणलं तेव्हा पापण्या मिटलेल्या, श्वास थांबत आलेला. डॉक्टरांनी सापाच्या विषावरची लस सुरू केली, व्हेंटिलेटर लावला. बाई हालेना, डोळे उघडेना.

‘‘ती बेशुद्धच आहे असं मी धरून चालले,’’ नर्स सांगत होती. ‘‘सक्शन केलं, कूस बदलली, सगळं वेळेवर केलं. पण तिच्याशी एक शब्द बोलले नाही. उलट तिच्याच खाटेशी उभी राहून दुसऱ्या सिस्टरला म्हटलं, ही काही वाचत नाही. लहान पोरं आहेत म्हणे बिचारीची.’’

चार दिवसांनी बाई सावरली. नळी काढल्यावर घोगऱ्या आवाजात म्हणाली, ‘‘सिस्टर, मी सगळं ऐकत होते.’’

मण्यारच्या विषाने स्नायू लुळे पडतात. माणूस बेशुद्ध झालेला असतोच असं नाही. हे तिला नंतर एका जास्त शिकलेल्या वरिष्ठ सिस्टरने समजावलं. ‘‘ताई, माझ्या हातांचं काही चुकलं नव्हतं. पण असं का होतं, ते मला ठाऊक नव्हतं. डॉक्टर राउंड घेऊन जातात. रात्रभर खाटेशी मीच असते. मग मला ‘का’ कळायला नको?’’

बैठकीत कुणीच काही बोललं नाही.

घरी आल्यावर मला रमाबाई रानडे आठवल्या. १९०९ मध्ये त्यांनी पुण्यात सेवासदन सुरू केलं आणि तिथल्या बायकांना नर्सिंग शिकायला ससूनमध्ये पाठवलं. परक्या माणसांची शुश्रूषा करणं कमीपणाचं मानलं जाई, असा तो काळ. आज या कामाला सहसा कुणी नावं ठेवत नाही. पण त्याला डोकं लागतं, शिक्षण लागतं, हे अजून आपल्या मनावर ठसलेलं नाही. सुई टोचणारी, गोळ्या देणारी एवढीच नर्स आपल्याला दिसते.

२०१४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात युरोपातल्या नऊ देशांतल्या ३०० रुग्णालयांचा अभ्यास आला होता. पदवीधर नर्सेसचं प्रमाण १० टक्क्यांनी वाढलं, तिथे शस्त्रक्रियेसाठी दाखल झालेला रुग्ण ३० दिवसांत दगावण्याची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी कमी दिसली. आणि एकेका नर्सवर एक रुग्ण वाढला, की ती तेवढीच वाढलेली दिसली. म्हणजे नर्सेस शिकलेल्या हव्यात आणि पुरेशाही हव्यात.

आपल्याकडे पुढची वाट आहे. बीएस्सीनंतर एमएस्सी करता येतं. भारतीय परिचर्या परिषदेने आयसीयूच्या कामासाठी ‘नर्स प्रॅक्टिशनर’ हा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रमही आखला. तो बराचसा रुग्णाच्या खाटेशीच शिकायचा असतो. फक्त प्रवेश घेण्याआधी कॉलेजला मान्यता आहे ना, ते नीट तपासून घ्यावं.

पण वाट असून भागत नाही, घरातून पाऊल निघावं लागतं. तिच्या सासूबाई अडून बसल्या होत्या. दोन वर्षं पगार बंद, मुलांचं कोण बघणार? प्रश्न काही खोटा नव्हता. आम्ही गटातल्या दोघी-तिघी जाऊन बसलो. फीची निम्मी रक्कम गटाने कर्जाऊ द्यायची ठरवली, मुलांना शाळेतून आणायचं मी पत्करलं. सासूबाईंनी सापाची हकिगत पुन्हा एकदा सुनेकडून ऐकून घेतली. बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, ‘‘शिक बाई. उद्या मी त्या खाटेवर असले, तर माझ्याशी बोलत जा म्हणजे झालं.’’

मैत्रिणींनो, तुमच्याही शेजारी अशी कुणी असेल. ‘आता कशाला शिकतेस’ असं म्हणण्याआधी तिला का शिकायचंय, एवढं एकदा विचारा.