नागीण कपाळावर आली तर

बाजारहत्नूरकडे आम्ही तिला नागीण म्हणतो, तेलुगू शेजारी सर्पी म्हणतात आणि कानडी घरांत ती सर्पसुत्तु. तिन्ही नावांत साप आहे. म्हणून डॉक्टरच्या आधी मंत्र घालणारा आठवतो, गेरूचा लेप लागतो आणि ‘तोंड-शेपूट जुळले की माणूस गेला’ या धास्तीने घर जागे राहते.

वास्तविक हा कांजिण्यांचाच विषाणू. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी तो मज्जातंतूंच्या मुळाशी दडून राहतो आणि उतारवयात किंवा अंगातली ताकद घटली की एखाद्या मज्जातंतूवरून कातडीवर येतो. म्हणून फोड एकाच बाजूला उठतात, सहसा मधली रेघ ओलांडत नाहीत. तोंड-शेपूट जुळणार कुठून? दोन-चार आठवड्यांत खपल्या आपोआप पडतात, आणि श्रेय मंत्रवाल्याला मिळते!

पाठीवर हे एकवेळ चालून जाते, कपाळावर नाही. शंभर रुग्णांतल्या दहा ते वीस जणांना नागीण कपाळ आणि डोळ्याच्या मज्जातंतूवर होते. आमच्या गल्लीतल्या एका आजींचे दोन दिवस नुसते अर्धे डोके ठणकत होते, केसांना कंगवा लावू देत नव्हत्या. घरच्यांनी अर्धशिशी समजून बाम चोळला. मग कपाळावर पुरळ उठले आणि एक फोड नाकाच्या शेंड्यावर. नाकाच्या शेंड्याकडे जाणारी मज्जातंतूची फांदीच डोळ्याच्या आतही जाते, म्हणून तिथला फोड हा डोळ्याला धोका असल्याचा इशारा. हचिन्सन नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकातच हे सांगून ठेवले. मात्र नाकावर फोड नसला तरी डोळा सुटला असे समजू नये. डोळा लाल होणे, उजेड सहन न होणे, अंधुक दिसणे ही लक्षणे ओळखावीत.

असायक्लोव्हिर किंवा व्हॅलासायक्लोव्हिरच्या गोळ्या पुरळ उठल्यापासून ७२ तासांत सुरू झाल्या तर उत्तम. उशीर झाला तरी जावेच. मूत्रपिंडाचा त्रास असल्यास आधी सांगावे, मात्रा बदलते. बुबुळ आणि डोळ्याचा दाब नेत्रतज्ज्ञानेच तपासायचा. आमच्याकडून अदिलाबादचे रिम्स आहे, शिवाय मुधोळला (बागलकोटकडचे नव्हे, निर्मल जिल्ह्यातले) एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेचे केंद्र आहे. दुकानातून स्टेरॉइडचे थेंब आणून घालू नयेत; मध, एरंडेल, दूध तर नकोच.

पन्नाशीनंतर घेण्याची दोन डोसांची लस २०२३ पासून भारतात मिळते. महाग आहे, पण डॉक्टरांना विचारून पाहावे. आणि घरात कुणाला नागीण झाली असेल, तर खपल्या धरेपर्यंत तान्ही बाळे आणि कांजिण्या न झालेल्या गरोदर लेकी-सुनांना जवळ येऊ देऊ नये. त्यांना त्या फोडांतून कांजिण्या होऊ शकतात.