विक्रम, गदा आणि लघवीचा नमुना

उत्तेजक द्रव्याच्या चाचणीत दोषी ठरलेल्या खेळाडूची कामगिरी कोणत्या तारखेपासून खोडायची, याबाबत नियम साधारणपणे स्पष्ट आहे: ज्या दिवशी नमुना घेतला त्या दिवसापासून. त्यानंतरची पदके, गुण आणि बक्षिसे जातात, शिवाय काही महिन्यांची किंवा वर्षांची बंदी येते. त्या तारखेआधीचे सारे वहीत जसेच्या तसे राहते. त्या आधीच्या कामगिरीकडे कसे पाहायचे, हे मात्र नियम सांगत नाही. ते प्रेक्षक, पत्रकार, संघटना आणि सरकार आपापल्या परीने ठरवतात, आणि प्रत्येकाचा निवाडा वेगळा निघतो. महाराष्ट्रात हा प्रश्न सर्वांत ठळकपणे उभा राहिला तो २०१६ साली, पैलवान नरसिंग यादव यांच्या प्रकरणात. जगातले त्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण अमेरिकेच्या बेसबॉलमधले आहे.

यादव कुटुंब मूळचे उत्तर प्रदेशातले. नरसिंग वाढले मुंबईत, जोगेश्वरीला. कांदिवलीच्या क्रीडा प्राधिकरण केंद्रात जगमालसिंग यांच्या हाताखाली ते घडले. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी ७४ किलो गटात सुवर्णपदक जिंकले आणि २०११, २०१२ व २०१३ असा सलग तीनदा 'महाराष्ट्र केसरी'चा मान मिळवला. ओळीने तीन गदा नेणारे ते पहिले पैलवान. राज्य सरकारने त्यांना पोलिस उपअधीक्षकपद दिले. सप्टेंबर २०१५ मध्ये लास वेगासच्या जागतिक स्पर्धेत त्यांना कांस्यपदक मिळाले आणि त्याबरोबर रिओ ऑलिम्पिकसाठी ७४ किलो गटात भारताची जागा पक्की झाली.

ही जागा देशाची असते, पैलवानाची नव्हे. वादाचे मूळ तिथेच होते. पैलवान सुशील कुमार यांनी आपली दोन्ही ऑलिम्पिक पदके ६६ किलो गटात मिळवली होती. तो गट ऑलिम्पिकमधून गेल्यावर ते ७४ किलोत आले आणि त्यांनी निवड चाचणीची मागणी केली. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले. जून २०१६ मध्ये न्यायालयाने मागणी फेटाळली. त्याच महिन्याच्या २५ तारखेला सोनिपतच्या सराव शिबिरात यादव यांचा नमुना घेतला गेला. त्यात मेथॅन्डिएनोन हे स्टेरॉइड सापडले. ५ जुलैला घेतलेल्या दुसऱ्या नमुन्यातही तेच निघाले.

हे औषध नवे नव्हते. सिबा या कंपनीने ते १९५८ मध्ये अमेरिकेच्या बाजारात 'डायनाबॉल' या नावाने आणले, आणि डॉक्टर जॉन झिगलर यांच्यामार्फत ते तिथल्या वजन उचलणाऱ्यांपर्यंत पोहोचले. पुरुषी संप्रेरक टेस्टोस्टेरॉन नुसते पोटात घेतले तर यकृतात बहुतांशी निकामी होते. मेथॅन्डिएनोनच्या रेणूत असा बदल केलेला आहे की ते यकृतातून शाबूत निसटते, म्हणून ते गोळीच्या रूपात चालते. यकृताला इजा होण्याचा धोकाही त्याच बदलामुळे वाढतो. स्नायूंत प्रथिने साठण्याचा वेग वाढतो, मेहनतीनंतर शरीर लवकर सावरते. तालमीत वर्षानुवर्षे दूध, तूप, बदाम आणि जोर-बैठका यांनी जे हळूहळू साधले जाते, त्याचा काळ आखडतो. स्टेरॉइडमुळे डाव येत नाहीत, हे खरे. पण जो दिवसातून एकदा कसून लढत करू शकत होता तो दोनदा करू लागतो, आणि दुसऱ्या वेळी डाव अधिक पक्के होतात. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने या गटातल्या औषधांवर १९७५ मध्ये बंदी घातली आणि १९७६ च्या माँट्रियल स्पर्धेत त्यांची पहिल्यांदा चाचणी झाली.

यादव यांचे म्हणणे असे की शिबिरात कोणीतरी आपल्या खाण्यापिण्यात औषध कालवले. त्यांच्या खोलीत राहणाऱ्या दुसऱ्या पैलवानाच्या नमुन्यातही तेच द्रव्य सापडल्याने या म्हणण्याला बळ आले. इथे उत्तेजकविरोधी कायद्याचे एक कठोर तत्त्व लक्षात घ्यावे लागते: शरीरात द्रव्य सापडले की दोष सिद्ध होतो, ते कसे आले हे सांगण्याची आणि पटवण्याची जबाबदारी खेळाडूची. फौजदारी खटल्यापेक्षा हे अगदी उलटे आहे. राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्था म्हणजे 'नाडा', तिच्या शिस्तपालन समितीला १ ऑगस्ट २०१६ रोजी यादव यांची बाजू पटली आणि त्यांना निर्दोष ठरवण्यात आले. जागतिक संस्था 'वाडा'ने त्यावर रिओतच क्रीडा लवादाकडे अपील केले. १८ ऑगस्टला सुनावणी झाली. नमुन्यातले प्रमाण पेयात मिसळलेल्या पुडीशी जुळत नाही, गोळ्या घेतल्याशी जुळते, अशी तज्ज्ञांची साक्ष झाली. औषध जाणूनबुजून आणि एकाहून अधिक वेळा घेतले गेले असावे, असा निष्कर्ष लवादाने काढला आणि चार वर्षांची बंदी घातली. दुसऱ्याच दिवशी त्यांची कुस्ती होती.

महाराष्ट्रात कटाची गोष्ट आजही अनेकांना खरी वाटते. तसे मानायला कारण होते: न्यायालयातला वाद, परक्या मुलखातले शिबिर, वेळेचा योगायोग. लवादापुढे लागत होता तो पुरावा, आणि कारण म्हणजे पुरावा नव्हे. तरीही एकाच घटनेवर अठरा दिवसांत दोन परस्परविरुद्ध निवाडे आल्यामुळे लोकांनी आपल्याला रुचेल तो उचलला, यात नवल नाही.

लवादाने २५ जून २०१६ पासूनची कामगिरी रद्द केली. तिन्ही गदा आणि लास वेगासचे पदक त्याआधीचे, म्हणून ते जागेवर राहिले. बंदी २०२० मध्ये संपली. त्याच वर्षी डिसेंबरात यादव बेलग्रेडच्या जागतिक करंडक स्पर्धेत उतरले. २०२४ मध्ये भारतीय कुस्ती महासंघाच्या खेळाडू आयोगाच्या अध्यक्षपदी त्यांची निवड झाली. म्हणजे संघटनेने माफ केले, वहीने त्या तारखेआधीचे काहीच खोडले नाही.

बेसबॉलमध्ये माफीच्या बाबतीत उलटे घडले. फलंदाजाने चेंडू थेट कुंपणापार मारला की तो होमरन, आपल्याकडच्या षटकारासारखा. १९२७ मध्ये बेब रूथने एका हंगामात ६० आणि १९६१ मध्ये रॉजर मॅरिसने ६१ होमरन मारले. १९९७ पर्यंत साठचा आकडा गाठणारे हे दोघेच. मग १९९८ ते २००१ या चार हंगामांत तो सहा वेळा ओलांडला गेला: मार्क मॅग्वायर ७० आणि ६५, सॅमी सोसा ६६, ६३ आणि ६४, बॅरी बाँड्स ७३. त्यानंतर साठाच्या पुढे जायला २०२२ साल उजाडावे लागले, तेव्हा अ‍ॅरन जजने ६२ मारले. निव्वळ आकड्यांच्या या रांगेतच त्या काळाची कहाणी दिसते.

१९९४ च्या संपाने बेसबॉलची अंतिम मालिका रद्द झाली होती आणि प्रेक्षक रुसले होते. मॅग्वायर-सोसा चुरशीने ते परत आले. त्या चुरशीच्या वर्षी, १९९८ मध्येच, मॅग्वायरच्या कपाटात अँड्रोस्टेनडिओनची बाटली एका पत्रकाराला दिसली, तेव्हा टीका झाली ती बहुतेक पत्रकारावरच. ते द्रव्य बेसबॉलमध्ये तेव्हा निषिद्ध नव्हते. स्टेरॉइडला मनाई असल्याचे परिपत्रक १९९१ मध्ये निघाले होते, पण चाचणीच नव्हती. चाचणीत दोषी ठरल्यास शिक्षा २००४ पासून सुरू झाली. डिसेंबर २००७ मध्ये बेसबॉलमधल्या या सेवनावरचा जॉर्ज मिचेल यांचा चौकशी अहवाल आला. मॅग्वायरने २०१० मध्ये सेवन कबूल केले. बाँड्सने जाणूनबुजून घेतल्याचे कधीच मानले नाही.

बाँड्सचे एकूण ७६२ होमरन आजही विक्रम म्हणून नोंदलेले आहेत. पण कीर्तिमंदिरात प्रवेशासाठी पत्रकारांची ७५ टक्के मते लागतात. दहाव्या आणि शेवटच्या संधीत, २०२२ मध्ये, त्याला ६६ टक्के मिळाली. हँक अ‍ॅरनचा ७५५ चा विक्रम मोडणारा त्याचा २००७ मधला चेंडू एका फॅशन व्यावसायिकाने साडेसात लाखांहून अधिक डॉलरला विकत घेतला, त्याचे काय करायचे यावर इंटरनेटवरून लोकमत घेतले आणि बहुमतानुसार त्यावर तारांकन कोरून तो कीर्तिमंदिराच्या संग्रहालयाला दिला. त्यामुळे डाग लागलेला चेंडू कीर्तिमंदिरात आहे आणि तो मारणारा बाहेर. या सर्व काळात बेसबॉलची सूत्रे ज्यांच्या हाती होती ते आयुक्त बड सेलिग यांची मात्र डिसेंबर २०१६ मध्ये कीर्तिमंदिरात निवड झाली. तिकिटे खपत होती तेव्हा डोळे मिटणाऱ्यांचा हिशेब कोणत्याच मतपत्रिकेवर आला नाही.

क्रिकेटमध्ये मराठी मुलखातले प्रकरण पृथ्वी शॉचे. विरारच्या या मुलाने २०१३ मध्ये हॅरिस शील्डच्या सामन्यात ५४६ धावा केल्या आणि २०१८ मध्ये राजकोटला कसोटी पदार्पणात शतक झळकावले. २२ फेब्रुवारी २०१९ रोजी इंदूरला मुश्ताक अली करंडक स्पर्धेदरम्यान घेतलेल्या त्याच्या नमुन्यात टर्ब्युटालिन निघाले. हे श्वासनलिका मोकळी करणारे औषध खोकल्याच्या अनेक सिरपमध्ये असते. सिरप नकळत घेतले, हे त्याचे स्पष्टीकरण क्रिकेट मंडळाने स्वीकारले आणि आठ महिन्यांची बंदी घातली. ती जाहीर झाली ३० जुलैला, पण मोजली गेली १६ मार्चपासून. या मागे नेण्यातून एक विचित्र स्थिती निर्माण झाली. ३० मार्चला दिल्लीच्या मैदानावर कोलकात्याविरुद्ध त्याने केलेल्या ९९ धावा कागदावरच्या बंदीच्या काळात पडतात, आणि आयपीएलच्या नोंदींत त्या आजही आहेत. तोवर क्रिकेट मंडळ नाडाच्या कक्षेबाहेर स्वतःच चाचण्या घेत होते. याच प्रकरणाने टीकेला धार आली आणि ऑगस्ट २०१९ मध्ये मंडळाने नाडाची कक्षा मान्य केली.

सोनिपतच्या शिबिरात नमुना घेणारा माणूस दाराशी येतो. साक्रीत तसे कोणी येत नाही. सुरत-नागपूर महामार्गावरचे हे धुळे जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. खानदेशातल्या इतर गावांप्रमाणे इथल्या पोरांच्या कसरतीलाही दोन वाटा दिसतात, आखाडा आणि भरती. आखाड्याची वाट कुठवर जाऊ शकते हे चाळीसगाव तालुक्यातल्या सायगाव बगळीच्या विजय चौधरी यांनी दाखवले. यादव यांच्यानंतर २०१४, २०१५ आणि २०१६ च्या तिन्ही गदा त्यांनी खानदेशात आणल्या आणि पुढे तेही पोलिस उपअधीक्षक झाले. गदेमागे नोकरी असते. सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, त्यामुळे स्पर्धेचे प्रमाणपत्रही नुसते शोभेचे राहत नाही.

दुसरी वाट अधिक गर्दीची. पोलिस शिपाई भरतीत पुरुष उमेदवारांची मैदानी चाचणी ५० गुणांची असते: १६०० मीटर धावण्याला २०, शंभर मीटरला १५, गोळाफेकीला १५. काही सेकंदांच्या फरकाने गुण आणि गुणांच्या फरकाने नोकरी जाते. भरती ही क्रीडा स्पर्धा नसल्यामुळे ती नाडाच्या नियमांत बसत नाही. मेफेन्टरमाइन या इंजेक्शनाचा गैरवापर वाढला तो व्यायामशाळा आणि भरतीची तयारी करणारी मुले यांच्याच आसपास. भूल देताना एकदम खाली आलेला रक्तदाब वर आणण्यासाठी हे औषध बनलेले आहे. निरोगी माणसाने टोचून घेतले की नाडी वाढते, थकवा जाणवत नाही आणि शरीर कधी थांबायला सांगते आहे तेही कळेनासे होते. ते वाडाच्या निषिद्ध यादीत आहे आणि डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. तरीही चिठ्ठीविना विकलेला साठा राज्यात अनेक ठिकाणी पोलिसांनी आणि अन्न व औषध प्रशासनाने पकडला आहे. स्टेरॉइडप्रमाणे त्याचा महिनोन्‌महिने हप्ता घ्यावा लागत नाही, परीक्षेच्या सकाळी एक सुई पुरते. हीच त्याची सोय आणि हाच धोका.

देशपातळीवरचे आकडे वाडाच्या अहवालांत मिळतात. २०२३ मध्ये भारतातून ५,६०६ नमुने तपासले गेले आणि २१३ दोषी निघाले, म्हणजे ३.८ टक्के, पाच हजारांहून अधिक नमुने घेणाऱ्या देशांत हे प्रमाण सर्वाधिक. हे नमुने मुख्यतः राष्ट्रीय आणि राज्य पातळीच्या स्पर्धा, शिबिरे आणि नोंदणीकृत खेळाडू यांच्याकडून घेतलेले असतात. २०२२ च्या उत्तेजकविरोधी कायद्याने नाडाला वैधानिक दर्जा दिला, झडती-जप्तीचे अधिकार दिले. गावच्या यात्रेतल्या कुस्त्यांच्या दंगलीत मात्र शेवटची कुस्ती सुटते, बक्षिसाचे पैसे जागेवर मोजले जातात आणि पैलवान पुढच्या गावी निघतो. तिथे नमुना घेण्याची व्यवस्था नाही. खानदेशातला एखादा मल्ल चाचणीला पहिल्यांदा सामोरा जातो तो बहुधा राज्य अजिंक्यपद किंवा राष्ट्रीय शिबिर गाठल्यावर. त्या दिवसाआधीच्या त्याच्या सगळ्या कुस्त्या, नियमाच्या दृष्टीने, चाचणीविना झालेल्या असतात.