पत्त्याचे आकडे आणि परतीची वाट

विद्यार्थी मित्रांनो, महाराष्ट्रात ‘शिरूर’ नावाची गावे किती? एक आपल्या पुणे जिल्ह्यात, शिरूर कासार बीड जिल्ह्यात, शिरूर अनंतपाळ लातूर जिल्ह्यात. शिवाय कोणी पत्ता उर्दूत लिहितो, कोणी मराठीत. मग पत्र योग्य गावी जाणार कसे? यावर उपाय म्हणून डाक खात्यातील अधिकारी व संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी सहा आकड्यांचा पिनकोड योजला. तो १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला.

शिरूरचा पिनकोड ४१२२१० आणि दौंडचा ४१३८०१. पहिले तीन आकडे पत्र कोणत्या विभागात पाठवायचे ते सांगतात, शेवटचे तीन त्या विभागातील टपाल कार्यालय दाखवतात. पत्रांची वर्गवारी करणाऱ्याला प्रत्येक घर ठाऊक नसते. पुढचा टप्पा कोणता, एवढेच त्याला कळावे लागते.

इंटरनेटचेही तसेच आहे. प्रत्येक संगणकाला आकड्यांचा पत्ता असतो. उदाहरणार्थ, २०३.०.११३.१०. यातील पहिले तीन आकडे जाळ्याचे, शेवटचा त्या जाळ्यातील संगणकाचा, असे समजू. वाटेत ‘राउटर’ नावाची यंत्रे असतात. ती आपल्याजवळचा तक्ता पाहतात आणि माहिती पुढच्या टप्प्याकडे रवाना करतात. यालाच ‘राउटिंग’ म्हणतात.

आता समजा, शिरूरच्या एका शाळेने आपला निकाल सर्व्हरवर ठेवला. सर्व्हर म्हणजे इतरांना माहिती पुरवणारा संगणक. तो पुण्यात इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपनीच्या इमारतीत आहे. कंपनीने सर्व्हरचा पत्ता दिला आणि ‘गेटवे’चाही, म्हणजे बाहेर पडण्याच्या दरवाजाचाही पत्ता दिला : २०३.०.११३.१. जो पत्ता आपल्या जाळ्यातला नाही, त्याची माहिती या दरवाजातून पाठवायची, असा नियम असतो.

शिक्षकांनी शिरूरहून सर्व्हरची मांडणी बदलताना दरवाजाचा आकडा चुकवला. दौंडची विद्यार्थिनी निकाल मागते. तिची मागणी सर्व्हरपर्यंत सुखरूप पोहोचते, पण उत्तराला बाहेरची वाट सापडत नाही! ती बिचारी पडद्याकडे पाहत बसते. शिक्षकांचीही गोची होते. चूक दुरुस्त करावी म्हटले, तर सर्व्हरचे उत्तर त्यांच्यापर्यंतही येत नाही. मग पुण्यातील त्या यंत्रासमोर कोणीतरी प्रत्यक्ष बसून आकडा सुधारल्याशिवाय गत्यंतर नसते.

म्हणून जाणकार माणूस आधी जुने आकडे वहीत उतरवतो, नवे दोनदा तपासतो आणि मगच बदल करतो. मित्रांनो, पत्र पोहोचले म्हणजे काम झाले असे नाही, उत्तर परत यायलाही वाट हवी!

स्वाध्याय
१. पिनकोडच्या पहिल्या तीन आकड्यांवरून काय कळते?
२. मागणी पोहोचूनही विद्यार्थिनीला निकाल का मिळाला नाही?
३. तुमच्या घरचा पत्ता पिनकोडसह उर्दूत व मराठीत लिहा. दोन्हींत काय सारखे राहिले?