कप्प्यावर नाव दिग्दर्शकाचं

पुस्तकांच्या कपाटात आपण लेखकाप्रमाणे रांग लावतो. जी. एं.च्या कथा एकत्र, व्यंकटेश माडगूळकर एकत्र. आलेला पाहुणा कपाटासमोर दोन मिनिटं उभा राहिला, तरी या घरात कोण वाचलं जातं हे त्याला कळतं. चित्रपटांचं तसं होत नाही. चांगल्या वाचणाऱ्या घरातही चित्रपट असतात ते बुटांच्या खोक्यात. लग्नाची कॅसेट, मुलांची कार्टून्स, रस्त्यावरच्या सेलमधल्या व्हीसीडी, कुणीतरी भरून दिलेला पेनड्राइव्ह, सगळं एकत्र. ओळख विचारली तर उत्तर येतं, ‘तो निळूभाऊंचा’, ‘तो स्मिताचा’, ‘तो लावण्यांचा’.

वडील गेल्यावर मी आमच्या घरातलं असंच एक खोकं उपसलं. ‘कुंकू’च्या दोन तबकड्यांपैकी दुसरीचा चकाकता थर पापुद्र्यासारखा सुटून आला होता. म्हणजे अर्धा ‘कुंकू’ आमच्या घरातून पुसला गेला होता आणि कुणाला पत्ताही नव्हता. त्या दिवशी मी दोन गोष्टी ठरवल्या. संग्रह नीट ठेवायचा आणि तो दिग्दर्शकाप्रमाणे लावायचा. दुसऱ्या निर्णयाने चित्रपट बघण्याची माझी रीतच बदलली, म्हणून त्याबद्दल आधी सांगते.

सुरुवात ‘प्रभात’पासून करावी, आणि ‘प्रभात’मध्येही दामले-फत्तेलाल यांच्यापासून. विष्णुपंत दामले आणि एस. फत्तेलाल ही दोघं कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत तयार झालेली माणसं. १९२९ साली त्यांनी व्ही. शांताराम, धायबर आणि कुलकर्णी यांच्यासोबत ‘प्रभात’ उभी केली. १९३३ मध्ये कंपनी पुण्याला आली. दामल्यांची ध्वनीवर हुकमत, फत्तेलालांची नेपथ्यावर. या दोघांनी मिळून १९३६ मध्ये ‘संत तुकाराम’ दिग्दर्शित केला आणि पुढच्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. घरी बघताना तुकाराम झालेल्या पागनिसांच्या चेहऱ्यावरून नजर हटत नाही हे खरं. पण दुसऱ्यांदा बघाल तेव्हा तुकारामांच्या बायकोकडे, जिजाईकडे बघा. पोर तापाने फणफणलेलं असताना ती पायताण घेऊन थेट विठोबाला जाब विचारायला निघते. शेवटी नवरा वैकुंठाला बोलावत असताना हिला घरची चूल आणि लेकरं दिसत असतात. चमत्कारांनी भरलेल्या चित्रपटात दिग्दर्शकांनी घराचं वजन इतक्या प्रामाणिकपणे तोलून धरलं आहे की मला तोच त्यातला सगळ्यात मोठा चमत्कार वाटतो. या चित्रपटासाठी शांताराम आठवले यांनी लिहिलेलं एक गीत लोक तुकोबांचाच अभंग समजत आले, यावरूनही सगळ्यांचे सूर किती एक झाले होते ते समजावं.

व्ही. शांतारामांच्या कप्प्यात मात्र निवड करावी लागते, कारण त्यांनी खूप केलं आणि सगळं सारख्या तोलाचं नाही. रंगीत, नृत्यप्रधान चित्रपट टीव्हीवर वारंवार लागतात, म्हणून लोकांना तेच शांताराम ठाऊक असतात. संग्रहात आधी ‘कुंकू’ (१९३७), ‘माणूस’ (१९३९) आणि ‘शेजारी’ (१९४१) आणा. ‘कुंकू’ ना. ह. आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर आधारलेला आहे. म्हाताऱ्या वकिलाशी फसवून लग्न लावलेली नीरा हे लग्न मानतच नाही. शांतारामांनी यात पार्श्वसंगीत ठेवलं नाही. घरातले, रस्त्यावरचे आवाजच तेवढे ऐकू येतात. नव्वद वर्षांपूर्वीची ही हिंमत आहे. त्या सुन्या शांततेत शांता आपटे जेव्हा नकार देते, तेव्हा आजही अंगावर काटा येतो.

आता या कप्प्यात ‘माणूस’च्या शेजारी ‘पिंजरा’ (१९७२) ठेवून बघा. दोन्हींत नीतीच्या वाटेने चालणारा पुरुष आणि बदनाम वस्तीतली बाई. एकात पोलीस शिपाई, दुसऱ्यात गावचा मास्तर. पण १९३९ सालचा शिपाई दुःख पोटात घालून पुन्हा कामाला लागतो आणि १९७२ सालचा मास्तर स्वतःच्याच खुनाच्या आरोपाखाली फासावर जातो. मधल्या तेहतीस वर्षांत एकाच माणसाचा माणसावरचा विश्वास कुठून कुठे आला, ते हे दोन चित्रपट लागोपाठ पाहिल्यावर दिसतं. ‘लावण्यांचा सिनेमा’ म्हणून ‘पिंजरा’ वेगळ्या खोक्यात पडलेला असेल, तर ते कधीच दिसणार नाही.

दिग्दर्शकाप्रमाणे लावण्याचा दुसरा फायदा मला नंतर उमगला. एका कप्प्यातून दुसऱ्यात जायच्या वाटा सापडू लागतात. ‘कुंकू’मधली म्हाताऱ्याची शिकलेली, कर्ती मुलगी आठवते? ती भूमिका शकुंतला परांजपे यांनी केली होती. त्यांची कन्या सई परांजपे. म्हणून माझ्या फळीवर शांतारामांच्या शेजारी सई परांजपे आहेत. ‘स्पर्श’, ‘चश्मे बद्दूर’ आणि ‘कथा’ (१९८३), तिन्ही हिंदी; पण ‘कथा’ शं. गो. साठ्यांच्या ‘ससा आणि कासव’ या नाटकावरून आलेला, आणि त्यातली चाळ इतकी आपली की भाषा कोणती चालली आहे याचा विसर पडावा. त्यांच्या कामात विनोद आहे, तो कुणाला न दुखावता खरं बोलणारा. असा दिग्दर्शक घरात हवाच.

दुसरी वाट अनंत माने यांच्या ‘सांगत्ये ऐका’पासून (१९५९) निघते. पुण्याच्या विजयानंद टॉकीजमध्ये तो १३२ आठवडे चालला. त्यात हंसा वाडकर होत्या. पुढे त्यांचं आत्मकथन त्याच नावाने आलं, आणि त्यावर श्याम बेनेगल यांनी १९७७ मध्ये ‘भूमिका’ केला. माने आणि बेनेगल यांची शैली एकमेकांच्या जवळपासही फिरकत नाही. तरी हे दोन चित्रपट शेजारी हवेत. एकात कॅमेऱ्यासमोरची बाई दिसते, दुसऱ्यात कॅमेरा थांबल्यावरची. ‘भूमिका’त ती स्मिता पाटील आहे, आणि त्याच वर्षी स्मिता जब्बार पटेलांच्या ‘जैत रे जैत’मध्ये ठाकर वाडीतली चिंधी झाली आहे. झालं, तिसरा कप्पा उघडला.

या कप्प्यापाशी मी जरा जास्त थांबते. मुलांचे डॉक्टर असलेल्या जब्बार पटेलांनी ‘घाशीराम कोतवाल’ रंगभूमीवर आणलं आणि मग विजय तेंडुलकरांच्याच पटकथेवर ‘सामना’ (१९७५) केला. साखर कारखान्याचा धनी हिंदूराव आणि दारूत बुडालेला मास्तर. निळू फुले आणि श्रीराम लागू एकमेकांसमोर बसून बोलतात, एवढंच. पण महाराष्ट्राच्या सहकारी सत्तेचा आतला व्यवहार त्या दोन खुर्च्यांमध्ये मावला आहे. चित्रपट बर्लिन महोत्सवाच्या स्पर्धेत गेला. मग ‘सिंहासन’ (१९७९), अरुण साधूंच्या ‘सिंहासन’ आणि ‘मुंबई दिनांक’ या दोन कादंबऱ्यांवरून केलेला. इथे निळू फुले पत्रकार दिगू झाले आहेत. सगळं पाहिलेला, सगळं समजलेला आणि त्यानेच खचलेला माणूस. ‘सामना’तला सत्ताधीश आणि ‘सिंहासन’मधला हा हतबल साक्षीदार एकाच नटाकडून करून घेणं, यातच दिग्दर्शकाची नजर कळते. आणि ‘उंबरठा’ (१९८२). सुलभा महाजन महिलाश्रमाची अधीक्षक म्हणून घर सोडते, तिथल्या बायकांसाठी भांडते, हरते, परत येते आणि घरही आता तिचं राहिलेलं नसतं. सत्ता कारखान्यात असते, मंत्रालयात असते आणि माजघरातही असते. तीन चित्रपट ओळीने पाहिले की हे एकच सलग विधान आहे असं माझं ठाम मत झालं. कुणी मला फक्त एकच कप्पा ठेवायची परवानगी दिली तर मी हा ठेवीन.

राजा परांजपे यांचे ‘लाखाची गोष्ट’, ‘ऊन पाऊस’, ‘जगाच्या पाठीवर’ आणि भालजी पेंढारकरांचा ‘साधी माणसं’ बहुतेक मराठी घरांना वेगळे सांगावे लागत नाहीत. ते असू द्या. आचार्य अत्रे यांचा ‘श्यामची आई’ही असतोच.

ज्यांचं नाव मात्र मुद्दाम घ्यायला हवं, त्या सुमित्रा भावे. समाजकार्याच्या अभ्यासातून आणि अध्यापनातून त्या चित्रपटाकडे आल्या. ‘बाई’ (१९८५) या लघुपटाने सुरुवात केली आणि पुढे सुनील सुकथनकर यांच्यासह जवळजवळ साडेतीन दशकं काम करत राहिल्या. ‘दोघी’, ‘वास्तुपुरुष’, ‘देवराई’, ‘अस्तु’, ‘कासव’. यातला प्रत्येक चित्रपट एखाद्या अवघड माणसाशेजारी शांतपणे बसतो. ‘देवराई’त स्किझोफ्रेनियाने ग्रासलेला शेष, ‘अस्तु’त स्मृती हरपत चाललेले संस्कृतचे प्राध्यापक, ‘कासव’मध्ये जगणं नकोसं झालेला तरुण. ‘कासव’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ मिळालं, तरी थिएटरात तो किती जणांनी पाहिला? असे चित्रपट आठवड्याभरात पडद्यावरून उतरतात. त्यांना दुसरं आयुष्य मिळतं ते घराघरांतल्या फळ्यांवरच. घरात म्हातारं माणूस असेल तर ‘अस्तु’ सगळ्यांनी मिळून बघा, त्यात प्राध्यापक झालेले मोहन आगाशे एका हत्तीपाशी लहान मुलासारखे होतात तो भाग विशेष. आमच्याकडे तो पाहिल्यावर आजीशी बोलण्याची पद्धत बदलली.

सुमित्रा भावे १९ एप्रिल २०२१ रोजी गेल्या. त्याआधी, २०२० मध्ये, चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘द डिसायपल’मध्ये त्यांचा आवाज आहे. नायक रात्री मोटरसायकलवरून जाताना ज्या ‘माईं’ची ध्वनिफीत ऐकत असतो, तो हा आवाज. त्या क्षणी माझ्या फळीवरचे दोन कप्पे एकमेकांना येऊन मिळाले. ताम्हाणेंचा आधीचा ‘कोर्ट’ (२०१४) आणि हा, असे दोनच चित्रपट सध्या त्यांच्या कप्प्यात आहेत. दोन्हींत कॅमेरा लांब, स्थिर उभा. बघणाऱ्याने घाई करायची नाही, एवढीच अट. त्यांच्या शेजारी नागराज मंजुळे, अगदी उलट स्वभावाचे. ‘सैराट’ प्रत्येकाने पाहिला आहे. पण कप्पा ‘पिस्तुल्या’ या लघुपटापासून लावा. मग ‘फँड्री’. डुक्कर पकडताना राष्ट्रगीत सुरू होतं आणि धावणारी माणसं जागच्या जागी उभी राहतात. ते मेलेलं डुक्कर काठीला बांधून नेलं जातं, तेव्हा मागच्या भिंतीवर फुले-आंबेडकरांची चित्रं असतात. शेवटी जब्या दगड भिरकावतो तो थेट आपल्याकडे. हे पाहिल्यावर ‘सैराट’च्या शेवटची ती निःशब्दता अचानक आलेली नाही, हे पटतं.

आता जपणुकीचं. चित्रपट विकत घेताना तो पूर्ण आहे का हे बघण्याचा एक साधा हिशेब आहे. सुरुवातीला सेन्सॉरचं प्रमाणपत्र दिसतं, त्यावर फिल्मची लांबी लिहिलेली असते. ३५ मिलिमीटरची बोलपटाची फिल्म मिनिटाला ९० फूट, म्हणजे सुमारे २७.४ मीटर धावते. प्रमाणपत्रावर १२,६०० फूट किंवा ३,८४० मीटर असेल तर चित्रपट १४० मिनिटांचा. तुमची प्रत १३४ मिनिटांची निघाली तर घाबरू नका. सेकंदाला २४ ऐवजी २५ चौकटींच्या वेगाने उतरवलेल्या डीव्हीडीत तेवढा फरक पडतोच. पण ती ११५ मिनिटांची असेल, तर कुणीतरी कात्री चालवली आहे. दुसरं म्हणजे ‘प्रभात’च्या काळातले चित्रपट चौकोनी पडद्यासाठी केलेले आहेत. टीव्हीवर आकार ४:३ ठेवा. रुंद पडद्यावर ताणून बसवलेली शांता आपटे बघणं हा तिच्यावर अन्याय आहे. तबकड्या उभ्या, थंड आणि कोरड्या जागी ठेवा. महत्त्वाच्या चित्रपटांची एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर हवी आणि दोन्ही गोष्टी वर्षातून एकदा लावून बघायला हव्यात. माझा ‘कुंकू’ गेला तो न लावल्यामुळे. मोबाइलवर सगळं मिळतं, या भरवशावर राहू नका. करार संपला की चित्रपट तिथून निघून जातो.

‘आलम आरा’ हा १९३१ सालचा आपला पहिला बोलपट आज कुठेही उपलब्ध नाही. फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ही पूर्ण उरलेला नाही. जो काही वाचला तो पी. के. नायर यांच्यासारख्या माणसांमुळे, ज्यांनी १९६४ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयासाठी गावोगाव हिंडून रिळं गोळा केली. तरीही जानेवारी २००३ मध्ये पुण्यात लागलेल्या आगीत जुन्या नायट्रेट फिल्म जळाल्याच. हे संग्रहालय लॉ कॉलेज रस्त्यावर आहे. तुमच्या माळ्यावर, गावच्या बंद पडलेल्या टुरिंग टॉकीजच्या सामानात एखादं रीळ, भित्तिपत्रक, चार आण्यांची गाण्यांची पुस्तिका असेल, तर रद्दीत देण्याआधी एकदा त्यांना दाखवा.