मॉरिशसचे दहा दिवस, आपल्या चालीने



गटाच्या बैठकीत हिशेब संपला, वह्या मिटल्या की अलीकडे एक विषय हमखास निघतो. पंढरपूर झालं, तिरुपती झालं, काही जणींचं काशी-प्रयागही झालं. आता आपण बायकाबायका मिळून एकदा समुद्रापलीकडे जाऊन यावं का? आज त्याबद्दलच बोलू. जायचं कसं हे सांगेनच, पण त्याआधी निवांत जायचं कसं हे सांगायचं आहे.

सहलीची जाहिरात आपण सगळ्यांनी पाहिलेली असते. आठ दिवसांत चार शहरं, पहाटे पाचला उठा, साडेसहाला नाश्ता, सातला बसमध्ये. फोटो काढा, पुन्हा बस. मैत्रिणींनो, पहाटे उठून घड्याळामागे पळणं आपण वर्षभर घरी करतोच. पाणी, चूल, धारा, शाळेचे डबे, मग शेत. वर्षानुवर्षं साठवलेले पैसे खर्चून तीच पळापळ विकत कशाला घ्यायची? म्हणून पहिला नियम लक्षात ठेवा. ठिकाणं कमी, मुक्काम जास्त.

देश कोणता निवडावा?

उदाहरण म्हणून मॉरिशस घेऊ. आफ्रिकेच्या पूर्वेला, हिंदी महासागरातलं हे बेट. मुंबईहून थेट विमानाने साधारण सहा-साडेसहा तास लागतात. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. बेट केवढं? उत्तर-दक्षिण पासष्ट किलोमीटरच्या आसपास. म्हणजे एका ठिकाणी मुक्काम ठेवूनही बहुतेक सगळं दीड-दोन तासांच्या आत येतं. सामान रोज बांधायला नको.

भारतीय पासपोर्टवर फिरायला जाणाऱ्यांना तिथला व्हिसा आधी काढावा लागत नाही. विमानतळावर उतरल्यावर शिक्का मिळतो, त्याला पैसे पडत नाहीत. परतीचं तिकीट, राहण्याच्या जागेचा कागद आणि खर्चापुरते पैसे दाखवता आले पाहिजेत. प्रवासाआधी ऑनलाइन एक फॉर्मही भरावा लागतो. हे नियम बदलतात, म्हणून तिकीट काढण्याआधी मॉरिशस सरकारच्या संकेतस्थळावर गावातल्या एखाद्या शिकलेल्या मुलीकडून पाहून घ्या. आणि एजंटाने बिलात ‘व्हिसा फी’ लावली, तर ती कशाची, हे सरळ विचारा.

मॉरिशस निवडण्याचं आणखी एक कारण आहे. तिथे आपली माणसं आहेत. १८३४ ते १९२० या काळात जवळपास पाच लाख मजूर करारावर त्या बेटावर उतरले. बहुतेक हिंदुस्थानातले, उसाच्या मळ्यांत राबायला नेलेले. मुंबई बंदरातून गेलेल्यांत रत्नागिरी, सातारा या भागांतली मराठी कुटुंबं होती. त्यांचे वंशज आजही तिथे आहेत. तिथल्या शाळांत मराठी शिकवतात, आणि गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुटी असते.

केव्हा जावं?

तिथले ऋतू आपल्या उलटे. नोव्हेंबर ते एप्रिल उन्हाळा, मे ते ऑक्टोबर थंडी. थंडी म्हणजे आपल्याकडची कार्तिकातली समजा. शाल पुरते. जानेवारी ते मार्च वादळांचा काळ, तेव्हा टाळा.

आपल्या शेतीच्या वेळापत्रकात बसवायचं तर अक्षय तृतीया ते मृग नक्षत्र हा काळ सोयीचा. रब्बी घरात आलेली असते, पेरणीला अवकाश असतो, मुलांच्या परीक्षा झालेल्या असतात. मात्र मे महिन्यात सुट्टीमुळे तिकिटं महागतात, म्हणून ती चार-पाच महिने आधी पाहायला लागा. ज्यांची शेती पावसावर नाही, त्यांनी सप्टेंबर-ऑक्टोबरचा विचार करावा.

तयारी दीड-दोन वर्षांची

आधी पासपोर्ट. साध्या ३६ पानी पासपोर्टची फी १,५०० रुपये आहे, साठ वर्षांवरच्यांना नव्या अर्जावर दहा टक्के सूट मिळते. बऱ्याच जिल्ह्यांत आता मोठ्या पोस्टातच पासपोर्ट केंद्र आहे. अडचण येते ती नावाची. आधारवर सासरचं नाव, शाळेच्या दाखल्यावर माहेरचं, मतदार कार्डावर तिसरंच काहीतरी. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे अशी पासपोर्टची सक्ती नाही. पण जे नाव घ्याल ते सगळ्या कागदांवर एकच असू द्या. हे जुळवायलाच सहा महिने जातात, म्हणून सुरुवात इथून करा. पुढे विमानाचं तिकीटही अगदी त्याच नावाने, त्याच अक्षरांत काढायचं.

दहावी न झालेल्या बहिणींना एक भीती असते. त्यांच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ अशी नोंद येते. ही नोंद काही ठराविक देशांत नोकरीसाठी जाणाऱ्यांच्या संरक्षणासाठी आहे. फिरायला जाण्यासाठी तिची आडकाठी नाही. कमी शिकले म्हणून परदेश नाही, असं कोणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका.

मग पैसे. इथे एक गोष्ट ठामपणे सांगते. गटाच्या अंतर्गत कर्जातून सहल करू नका. तो पैसा दवाखान्यासाठी, बियाण्यासाठी, अडल्या वेळेसाठी आहे. सहलीला जाणाऱ्या जणींनी बँकेत आपापल्या नावाने वेगळं आवर्ती ठेव खातं उघडावं. महिन्याला दोन हजार टाकले, तर तीन वर्षांत ७२,००० मुद्दल होते, वर व्याज. एक हजार टाकले तर तेवढीच रक्कम व्हायला सहा वर्षं लागतील. लागू देत. उसनवारीवर केलेल्या सहलीत समुद्रकाठीसुद्धा हप्ताच आठवतो.

खर्चाची पाच खानी पाडा : पासपोर्ट आणि विमा, विमानाचं तिकीट, राहणं, जेवण व तिथलं फिरणं, आणि पाचवं अडीअडचणीचं. पाचव्या खान्याला घरी परत येईपर्यंत हात लावायचा नाही.

एजंटाकडून जायचं असेल तर रोख पैसे देऊ नका, बँकेतूनच द्या आणि पक्की पावती घ्या. तिकीट हातात आलं की त्यावरचा पीएनआर क्रमांक विमान कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून पाहा. परदेशी सहलीच्या पॅकेजवर टीसीएस नावाची करकपात होते. आयकर विवरणपत्र भरून ती रक्कम परत मागता येते, म्हणून पॅन क्रमांक बरोबर दिला आहे ना, हे बघा. आणि वेळापत्रक दाखवतील तेव्हा एकच प्रश्न विचारा : रोज बसमध्ये किती तास? चारपेक्षा जास्त असतील तर ती सहल आपली नाही.

दहा दिवस कसे घालवावेत?

आठ-दहा जणी असाल तर स्वयंपाकघर असलेलं घर भाड्याने मिळतं. मुक्काम दोनच ठेवा. पहिले चार दिवस आग्नेय किनाऱ्यावर माहेबूर या गावी. विमानतळ तिथून जवळ, त्यामुळे उतरल्या उतरल्या लांबचा प्रवास नाही. पहिल्या दिवशी काही पाहायचं नाही. जेवायचं, झोपायचं, संध्याकाळी पाण्याकाठी बसायचं. सोमवारी तिथे मोठा बाजार भरतो, भाजीपाल्यापासून कापडापर्यंत. बाजार बघायला आपल्याला दुभाष्या लागत नाही. जवळच्या ब्लू बे इथे काचेच्या तळाच्या होडीतून पाण्याखालचं प्रवाळ दिसतं. पोहता येत नसलं तरी चालतं.

पुढचे सहा दिवस पश्चिमेला फ्लिक-आँ-फ्लाक इथे. थंडीच्या दिवसांत पूर्वेकडून वारा जोरात येतो, पश्चिम किनारा मात्र शांत असतो. किनाऱ्यावर कोकणासारखी सुरूची झाडं आहेत. सुटीच्या दिवशी तिथली कुटुंबं डबे घेऊन त्यांच्या सावलीत बसतात. आपणही बसावं. सार्वजनिक किनाऱ्याला तिकीट नसतं.

एका दिवशी एकच ठिकाण, आणि दर तिसरा दिवस रिकामा. एक दिवस गंगा तलावाला. डोंगरातलं हे तळं तिथल्या हिंदूंचं तीर्थ, काठावर शंकराची १०८ फुटी मूर्ती आहे. महाशिवरात्रीला देशभरातून लोक पायी येतात. तिथे उंचीमुळे गारवा आणि पाऊस असतो, छत्री न्या. एक दिवस पॅम्प्लमूसची बाग. थाळीसारख्या काठांची, भल्या मोठ्या पानांची कमळं तिथे पाहायला मिळतात.

आणि एक दिवस राजधानी पोर्ट लुईमधला आप्रवासी घाट. मजूर बोटीतून उतरून ज्या दगडी पायऱ्या चढले, त्या सोळा पायऱ्या तिथे जपल्या आहेत. २००६ साली युनेस्कोने या जागेला जागतिक वारसा म्हटलं. त्या पायऱ्या चढणाऱ्यांत बायाही होत्या. आपल्यासारख्याच, शेतात राबणाऱ्या, पण बहुतेकींना माघारी फिरता आलं नाही. पुढे उसाच्या शेतांतून जाताना मधे मधे काळ्या दगडांचे मोठे ढीग दिसतील. जमीन लागवडीला आणताना मजुरांनी वेचून रचलेले ते दगड. घाईच्या सहलीत या घाटाला वीस मिनिटं देतात. तुम्ही एक अख्खी सकाळ द्या. त्या बाया कामासाठी गेल्या, तुम्ही परतीचं तिकीट हातात घेऊन विश्रांतीसाठी जाताय. एवढी मजल मारायला आपल्याला पावणेदोनशे वर्षं लागली.

फिरायला बस आहेत, राजधानीपासून क्यूरपीपपर्यंत मेट्रो आहे. संध्याकाळनंतर बस कमी होतात, म्हणून उजेडी परत या. सगळ्या मिळून दिवसभरासाठी गाडी ठरवली तरी माणशी खर्च आवाक्यात येतो.

खाण्याची काळजी नको. ‘धोल पुरी’ रस्त्यावर मिळते. दिसायला पुरणपोळीची धाकटी बहीण, पण गोड नाही. आत वाटलेली पिवळी डाळ, सोबत शेंगांच्या दाण्यांची रस्सा भाजी आणि चटणी. ‘गातो पिमाँ’ म्हणजे आपला डाळवडाच. लोक क्रिओल आणि फ्रेंच बोलतात, पुष्कळांना इंग्रजी आणि थोडीफार हिंदीही येते. भेटल्यावर ‘बोंजूर’ आणि निघताना ‘मेर्सी’ म्हणालात की ओळख झाली.

बॅगेत काय असावं?

बीपी-साखरेच्या गोळ्या विमानात हातातल्या पिशवीत, पूर्ण दिवस पुरतील एवढ्या आणि चार दिवस जास्तीच्या. सोबत डॉक्टरांची इंग्रजीतली चिठ्ठी. गुंगी आणणाऱ्या किंवा तीव्र वेदनाशामक औषधांबद्दल तिथले कायदे कडक आहेत, अशी औषधं घेत असाल तर आधी चौकशी करा. दुसऱ्याने दिलेलं पाकीट, कितीही ओळखीचा असला तरी, नेऊ नका. बियाणं, रोपं, ताजी फळं नेऊ नका, तशीच तिथली आणूही नका. समुद्रातलं प्रवाळ आणि शिंपले जागच्या जागी राहू द्या. पाण्यात उतरताना पायात रबरी बूट हवेत, खडकात विषारी काट्यांचे मासे असतात. प्रवासाचा विमा काढताना असलेला आजार लपवू नका, नाहीतर ऐन वेळी विमा कामाला येत नाही.

२०२४ पासून मॉरिशसमध्ये यूपीआय सुरू झालं आहे, पण प्रत्येक टपरीवर ते चालेल असं नाही. थोडे तिथले रुपये जवळ ठेवा. पैसे एकाच पिशवीत आणि एकाच बाईकडे नकोत.

आधी एक रंगीत तालीम

जाण्याच्या वर्षभर आधी सगळ्या जणी चार दिवस जवळच कुठेतरी एका घरात राहून या. गणपतीपुळे म्हणा, महाबळेश्वर म्हणा. कोण पहाटे उठतं, कोण घोरतं, कोणाचे गुडघे किती चालतात, कोणाला एकटं बसायला आवडतं, हे सगळं कळतं. स्वयंपाकाच्या पाळ्या तिथेच ठरवा. नाहीतर चांगला स्वयंपाक करणारी बाई परदेशातही चुलीपुढेच राहते.

या तालमीचा दुसरा उपयोग घरच्यांना होतो. चार दिवस धारा कोणी काढायच्या, सासूबाईंच्या गोळ्या कोणी द्यायच्या, भाकरी कोणी थापायची, याची सवय त्यांना होते. ‘तू गेल्यावर घराचं काय?’ या प्रश्नाला वाद घालून उत्तर मिळत नाही. चार दिवस जाऊन यावं, परत येऊन घर जागेवर आहे हे सगळ्यांनी मिळून पाहावं.

शेवटी, त्या रिकाम्या दिवसांबद्दल. काही जणींना वाटेल, एवढे पैसे भरून नुसतं बसायचं? हो, बसायचं. कोणी पाणी मागत नाही, चूल वाट पाहत नाही, अशी एक अख्खी दुपार किती जणींनी आयुष्यात पाहिली आहे? पुढच्या बैठकीत हा प्रश्न एकमेकींना विचारा. मग कोण कोण येणार त्यांची नावं लिहा आणि पासपोर्टच्या कागदांपासून सुरुवात करा.